पाच किलोमीटरच्या आत

येसू भोई, येसूचा गोपाळा, गोपाळाचा दौलू. या तीन पिढ्यांनी निवळी खुर्दच्या उतारावरून, नदी उथळ असते त्या जागेवरून, आम्हा देसायांची माणसे वेदगंगेपलीकडे नेली आणि परत आणली. दौलूची एकुलती मुलगी सरू त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दारात उभी होती. आत यावे की उंबऱ्याबाहेरच बसावे, हे तिचे ठरत नव्हते.

"ये आत," मी म्हणाले. "सभा गावाची आहे."

"हितंच बरं हाय, वैनीसाहेब. वारं लागतंय."

वैशाखातला शनिवार होता, साल शहाण्णव. सरपंचपद त्या खेपेस बायकांसाठी राखीव झाले आणि गावाने माझे नाव घातले. मला कोणी विचारले नव्हते. विचारले असते तरी मी दुसऱ्या कोणाचे नाव सांगितले नसते.

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी बागवान मोटारसायकलवरून आले होते. सडपातळ, तरुण, बोलण्यात अदब. तालुक्यात त्या वर्षी एकच नवे आरोग्य उपकेंद्र मंजूर होणार होते. कोणत्या गावांची नावे पाठवायची, ती यादी सोमवारी जिल्ह्याला जायची होती. ते केंद्र आमच्या गावाला मिळावे म्हणून मी दोन महिने अर्ज करीत होते, आणि सरू माझ्या दाराशी खेटे घालीत होती. तिची धाकटी पारू पहिलटकरीण होती. सातवा लागताच तिला माहेरी आणायची होती, आणि दिवस भरायचे होते श्रावणात. श्रावणात आमचा उतार बंद असतो.

बागवानांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढले.

"हे जनगणनेचं पुस्तक. गावात माणसं किती एवढंच यात नसतं, सरपंचबाई. शाळा, पाणी, पोस्ट, दवाखाना, रस्ता, काय आहे आणि काय नाही, ते गाववार असतं. जे गावात नाही, ते किती लांब आहे तेही. पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या पुढं. आम्ही यादी यावरूनच करतो. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं गाव पुढं येतं."

"हे रास्त आहे," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

त्यांनी बोट ठेवून आमच्या गावाची ओळ वाचली. "निवळी खुर्द. प्राथमिक शाळा, आहे. माध्यमिक शाळा, नाही, पाचच्या आत. पोस्ट, पाचच्या आत. दवाखाना, पाचच्या आत. प्रसूतीची सोय, पाचच्या आत." त्यांनी मान वर केली. "खरं सांगू का, तालुक्यात इतकं सोयीचं गाव दुसरं नाही."

तुका कुंभार मागे भिंतीला टेकून बसला होता. "सायब," तो म्हणाला, "मग आमी ह्या गावात कशाला ऱ्हातोय? त्या पुस्तकातच ऱ्हायला जातो की."

सभा हसली. बागवानही हसले. "थट्टा नको. दवाखाना समोर, नदीपलीकडं बुद्रुकला आहे. मी आत्ता तिकडूनच आलो, उतारातून गाडी ढकलत. दहा मिनिटं लागली."

"आता वैशाख हाय. आखाडात या, म्हंजे गाडीसकट समुद्रात निघशिला."

"मग पावसाळ्यात कसे जाता?"

"पुलावरनं. खिंड चढायची, पलीकडं उतरायची, पूल गाठायचा, आन् नदीकाठानं म्हागारी बुद्रुकला यायचं. सकाळी निघालं तर जेवणवेळ हुतीया."

"हे कुठं लिहिलेलं नाही," बागवान पान उलटून म्हणाले. "एक्क्याण्णवच्या गणनेत तलाठ्यांनी आधीच्याच गणनेतलं उतरवून काढलेलं दिसतंय. मूळ माहिती एक्क्याऐंशीची. तेव्हा तलाठी कोण होते?"

"म्हेत्रे भाऊसाहेब," कोणीतरी म्हणाले. "वारलं त्ये."

"खुर्चीवर बसल्या बसल्याच नदी ओलांडली आसंल त्यांनी," तुका म्हणाला. मग एकेकाने म्हेत्र्यांचा उद्धार सुरू केला. मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे सर्वांना जोर चढला.

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. दाराकडे पाहिले. सरू म्हेत्र्यांना नावे ठेवीत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

"यावर काही उपाय?" मी विचारले.

"नोंद चुकीची असल्याचं सरपंचांचं पत्र हवं. अंतर मोजलेलं हवं. आणि पहिली माहिती कोणी दिली, कशी चुकली, तेही लिहायला लागेल, नाहीतर वरचे म्हणतील, यादीत यायला आता अंतर वाढवताहेत. पण तलाठी हयात नाहीत." बागवानांनी पुस्तक मिटले. "मी आज मुक्कामाला बुद्रुकलाच आहे. काही सापडलं तर उद्या कळवा."

सभा उठली. मी थेट घरी आले.

दिवस मावळतीला सरू परसदारी आली. मी तुळशीजवळ बसले होते. तिने शेंगांची पाटी खाली ठेवली, पण नेहमीप्रमाणे त्यांचा भाव किंवा पिकाची हकीकत काढली नाही.

"वैनीसाहेब, तलाठी आला हुता त्या दिवशी मी हितंच खळ्यात शेंगा फोडत हुतो."

"मला आठवते."

"तुमचं मामासाहेब अंथरुणात. त्यो सोप्यात बसला. तुमी दाराआडनं सांगत हुता आन् त्यो लिवत हुता."

"होय."

"दवाखाना किती लांब, त्यानं इचारलं. तुमी म्हणाला, हाकेवर. परसात हुबं ऱ्हा, दिसतोय बगा. त्यो म्हणाला, किलोमीटर धरू का. तुमी म्हणाला, तेवढं बी न्हाई."

नदीवरून म्हशी परतत होत्या.

"मग सभेत का बोलली नाहीस?" मी विचारले.

"सभंत तुमास्नी कशी बोलू?" ती म्हणाली. "आन् बोलून काय, माझी हौसा येतीया व्हय म्हागारी?"

हौसा तिची थोरली. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणातच अडली. चौघांनी बाजेवर घालून वळशाने नेली, पण ती बुद्रुकपर्यंत पोहोचली नाही. त्या दिवसापासून सरूच्या तोंडी मी तिचे नाव ऐकले नव्हते.

"पारूचा सासरा म्हणतोय, न्हेऊ नगा," सरू म्हणाली. "म्हणतोय, हितं दवाखाना हाय, तुमच्यात काय हाय? बराबर हाय त्याचं. पर पोरगी रडतीया. पयलं बाळातपण आयजवळ न्हाई तर मग कदी? मी आज मागायला आलोय, वैनीसाहेब. अठ्ठावीस वर्सं मागितलं न्हाई."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी स्वतः पहिलटकरीण होते. सासूबाई आज पाठवू, उद्या पाठवू म्हणत राहिल्या आणि नदीला पूर आला. कळा सुरू झाल्या तेव्हा गावात नावही नव्हती. गुऱ्हाळावरची गूळ शिजवायची मोठी काहील दौलूने पाण्यात घातली. तिच्या तळाशी गवत अंथरून मला बसवले. एका अंगाला दौलू पोहत होता, दुसऱ्या अंगाला सरू. ती तेव्हा अठराची होती आणि तिने कडेला धरलेला हात पलीकडचा काठ लागेपर्यंत सोडला नाही. माझा मुलगा माझ्या आईच्या मांडीवर जन्मला. सव्वा महिन्याने परतल्यावर मी सरूला लुगडे आणि खण द्यायला गेले. तिने घेतले नाही. "आता नगं," म्हणाली. "मला लागंल तवा मी मागीन. तवा न्हाई म्हनू नगा."

"जा," मी म्हणाले. "उद्या दिवस उगवायला वेशीवर ये. चालायचे आहे."

मी गड्याला उतारातून बुद्रुकला पाठवून बागवानांना निरोप दिला. रविवारी सकाळी ते वेशीवर हजर होते. तुका कुंभारही आला होता, त्याला कोणी बोलावले नसताना.

"सरपंचबाई, तुम्ही कशाला त्रास घेता? मी गाडीवरून फिरून येतो. गाडीच्या काट्यावर अंतर कळेल."

"काटा असू द्या. पण बाळंतीण गाडीवरून जात नाही. आम्ही चालतो, तुम्ही आमच्या पावलाने या. अंतर काट्यावर बघा आणि वेळ आमच्यावर बघा."

देसायांच्या घरातली बाई दिवस उगवायला, पदर खोचून, पायी निघाली हे गावाने दारादारांतून पाहिले. यजमान ओट्यावर उभे होते. अडवावे की नाही ते त्यांना ठरवता आले नसावे.

खिंडीच्या वाटेवर दगड इतके सुटे की गाडी चालवता येईना. बागवान उतरून ती ढकलू लागले.

"काटा फिरतोय न्हवं, सायब?" तुका मागून जोर लावीत म्हणाला.

"पुढचं चाक फिरतंय तोवर काटा फिरतो."

"मग बरं हाय. जनगणनेला गाडी कमी आन् माणूस जास्ती लागतोय, हे बी लिवा त्या पुस्तकात."

खिंड उतरून दोन मैलांवर ओढ्याच्या काठी एक जांभूळ आहे. तिथे सरू थांबली. कोणी विचारले नाही, पण ती बागवानांना म्हणाली, "हितं. बाज खाली ठिवली ती हितं. पानी मागितलं तिनं."

बागवानांनी काट्यावरचा आकडा वहीत लिहिला. मग पेन टोपणात घातले. त्यानंतर पुलापर्यंत त्यांनी गाडीवर टांग टाकली नाही. वाट चांगली झाली होती तरी ढकलतच आणली.

पुलावर मी पहिल्यांदा बसले. माझ्या टाचा फुटल्या होत्या. सरूने न विचारता पाण्याने भिजवलेली चिंधी माझ्या पायाला गुंडाळली. मी पाय मागे घेतला नाही.

बुद्रुक दिसू लागले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. दवाखान्याच्या फाटकाशी बागवानांनी काटा पाहिला. "अठरा किलोमीटर, वर थोडं. सहा तास."

"लिहा," मी म्हणाले.

"लिहितो. पण ते दुसरं राहतं. पहिली माहिती कोणी दिली?"

"पुढे चला. सांगते."

दवाखान्यामागे नलवड्यांचे घर आहे. ते माझे माहेर, हे मी वाटेतच बागवानांना सांगितले. भावाने ते विकून इचलकरंजी गाठली त्याला सात वर्षे झाली होती. त्यानंतर मी तिथे पाऊल टाकले नव्हते. नव्या मालकिणीने परसात येऊ दिले. बिचारीने पाणी विचारले, गूळ विचारला. माझ्याच अंगणात मी पाहुणी म्हणून उभी राहिले.

समोर नदी. नदीपलीकडे आमचे घर, आमचे परसदार, तुळस. सगळे इतके जवळ की आमची सून दारात धान्य पाखडीत होती ते हातवाऱ्यांसकट दिसत होते. बागवानांनी तिकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"इथून तर खरंच हाकेवर आहे," ते म्हणाले.

"तेच मी म्हेत्र्यांना सांगितले. ती माहिती माझी."

ते गोंधळले. "पण तुम्ही तर याच काठावर वाढलात. पावसाळ्यात हा वळसा पडतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कसं?"

सरू माझ्या पुढे झाली.

"सायब, त्यांची आय ह्या परसात रोज लुगडं वाळत घालायची. पावसाळ्यात जाता येत न्हाई म्हनून त्या तिकडनं सकाळी बगायच्या. लुगडं दिसलं की आय बरी हाय, म्हनायच्या. तलाठी आला त्याच्या आदल्या श्रावणात एक दिस लुगडं दिसलं न्हाई. मग मानसं गोळा झाल्याली दिसली. मग तिरडी. त्या त्या दारात हुब्या हुत्या. मामासाहेबांनी काहील घालू दिली न्हाई, पानी लई हुतं. हितं काठावर जाळली. धूर तिकडं गेला."

तुका दुसरीकडे पाहू लागला.

"मग फेब्रुवारीत त्यो कागद घेऊन आला," सरू म्हणाली, "आन् इचारलं, पल्याडचा दवाखाना किती लांब. त्यांनी काय सांगावं?"

मला वाटले होते की सरूने फक्त माझे शब्द ऐकले. खळ्यात शेंगा फोडता फोडता तिने त्यामागचे सारे ऐकले होते, आणि हौसा गेल्यावरही ते जपून ठेवले होते.

लांब आहे असे मी म्हणाले असते तर माझी आई माझ्यापासून लांब मेली असे झाले असते. तिचा धूर माझ्या तुळशीवर आला होता. जन्मभर मी ते अंतर डोळ्यांनी मोजले. ते पायांनी त्या रविवारी मोजले. माझे माहेर अठरा किलोमीटरवर होते, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळले.

"लिहून घ्या," मी बागवानांना म्हणाले. आम्ही त्याच परसातल्या दगडावर बसलो.

"मी असं करतो," ते हळू आवाजात म्हणाले, "'नजरचुकीने माहिती दिली गेली' असं लिहितो. नाव घालायची गरज नाही."

"नाव घाला. आणि नजरचूक लिहू नका. माझी नजर शाबूत होती. लिहा: 'सन एक्क्याऐंशीच्या गणनेत निवळी खुर्दच्या सोयींची माहिती मी, वत्सला यशवंत देसाई, हिने तलाठ्यांस दिली. ती खोटी होती. उतार वर्षातून चार महिने बंद असतो हे ठाऊक असून मी ते सांगितले नाही. तलाठ्यांचा दोष नाही. आज पायी मोजलेले अंतर अठरा किलोमीटर आहे.' झाले? द्या, सही करते. आणि हे पत्र मी उद्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लावणार आहे."

"वैनीसाहेब, फळ्यावर कशाला?" तुका म्हणाला. "मानसं बोलतील."

"काल म्हेत्र्यांना बोललात ना? ते माझ्या नावावर फिरवा."

बागवानांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "यादीत नाव जाईल, शब्द देतो. पण इमारत व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. यंदाच्या पावसाळ्याचं काय, ते मला सांगता येत नाही." त्यांनी वही पिशवीत घातली. "एक होऊ शकतं. गावानं फरशीची, बंद दाराची एक खोली दिली, तर पावसाळ्यापुरती नर्सबाई बसवता येते. पण ती खोली सगळ्यांना खुली पाहिजे. जातपात न बघता."

"खोली मिळेल."

उतार उघडा होता, म्हणून परत येताना आम्ही नदीतून आलो. पाणी घोट्याएवढे. पाच मिनिटे लागली.

घरी आल्यावर मी यजमानांना सांगितले. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली.

"आपल्या सोप्यात भोयांची बाळंतीण?"

"सोप्यात नव्हे. सोप्यात वारा येतो. माझ्या खोलीत."

"आणि तुम्ही कुठे निजणार?"

"सोप्यात. मला वारा चालतो."

त्यांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली. आमच्या घरात याचा अर्थ संमती असा होई.

मृगाआधी नर्सबाई आल्या. गोखले आडनावाच्या, पन्नाशीच्या, करड्या शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझ्याच खोलीतून बाहेर काढले, कारण माझे हात धुतलेले नव्हते. त्या पावसाळ्यात मला हुकूम देणारे माणूस घरात असण्याचा अनुभव मी घेतला. तो मला पसंत पडला नाही, पण मी हात धुतले.

पारू आषाढात माहेरी आली. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, भर दुपारी, ती आमच्या उंबऱ्यातून आत गेली. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. सरू तिच्याबरोबर आत होती. मी सोप्यात बसले. दोनदा उठून परसदारी गेले. पलीकडे नलवड्यांच्या परसात कोणी काही वाळत घातले नव्हते. आता तिथे घालणार तरी कोण? तरी मी दोन्ही वेळा पाहिले.

तिसऱ्या प्रहरी मूल रडले. नर्सबाईंचा आवाज आला, "मुलगी. दोघी उत्तम आहेत. गरम पाणी आणा, आणि गर्दी करू नका."

बऱ्याच वेळाने सरू बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. ती माझ्यासमोर उभी राहिली. मी लुगडे आणि खण काढून ठेवले होते, ते पुढे केले.

तिने त्याकडे पाहिले आणि मान हलवली.

"ते नगं, वैनीसाहेब. त्याची गरज न्हाई आता. मी मागितल्यालं तुमी दिलं."

"पुरते फिटले?" मी विचारले.

"पुरतं," सरू म्हणाली. "मागन्यासारखं काय बी ऱ्हायलं न्हाई."

मग तिने आत जाऊन ती मुलगी आणली आणि तिच्या आईच्याही आधी माझ्या मांडीवर ठेवली.